शेऱ्याचा रकाना

पावलोदारहून बैमुरात आला तेव्हा
बाहेर उणे एकतीस.
डिकीत, रजईत गुंडाळून,
आजारी वासरं आणावीत तशी
सहा यंत्रं.
"जुनी आहेत, पण तब्येतीनं ठणठणीत."
असं सगळेच म्हणतात.

माझं काम तळघरात.
वर एकिबास्तुझची नऊ मजली इमारत,
कोळशाच्या धुरानं पूर्वेची भिंत काळवंडलेली.
खाली मी, एक टेबल, चिमटा-मीटर,
आणि वीजखात्यातून निवृत्त होताना
परत करायचा राहून गेलेला वॅटमीटर.
तो खोटं बोलत नाही, म्हणून राहून गेला.

यंत्र नेमकं करतं काय, लोक विचारतात.
अंदाज बांधतं. चुकतं.
पुन्हा अंदाज, पुन्हा चूक,
एका सेकंदात लाख कोटी चुका,
आणि तशा शंभर वेळा.
माझ्या वहीत एवढंच असतं:
लाख कोटी वेळा चुकायला
किती ज्यूल लागले.

कंपनीच्या पट्टीवर साडेएकोणतीस.
पहिलं यंत्र अर्धा तास तापू दिलं.
भिंतीतून ओढतंय तीन हजार पाचशे वीस वॅट,
वेग एकशे चार.
भागाकार मी पेन्सिलीनंच करतो.
तेहेतीस पूर्णांक आठ.
बैमुरातनं टोपी काढली, पुन्हा घातली.
"खिडकी उघडून बघू या का?"
उघडली. बर्फाची भुकटी आत आली,
पंखे मंदावले,
आकडा एकतीसवर उतरला.
"हाच लिही."
"खिडकीही विकणार आहेस का, यंत्राबरोबर?"

मग सहाही एकदम लावली,
तीन फेजवर दोन-दोन.
व्होल्टेज घसरत गेला. दोनशे वीस,
दोनशे चार, एकशे सत्त्याऐंशी.
बल्ब पिवळा पडला.
यंत्रांच्या आवाजात काडीचा फरक नाही.
दाब पडला की बाकीची नांगी टाकतात,
ही जात उलटी:
कमी मिळालं की जास्त ओढते.
मी खूश झालो. खरंच झालो.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं,
"कमी दाबाखाली वर्तन उत्तम."

क्लारा आपा तेव्हा
सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मधे.
लिफ्टचा रिले एकशे नव्वदला सुटतो,
हे मला ठाऊक होतं.
नोकरीत असताना तो मीच बसवला होता.
हातात बटाट्यांची पिशवी, भोवती अंधार,
बावीस मिनिटं दार ठोकत होती म्हणे.
पंख्यांच्या गदारोळात
मला काय ऐकू येणार.
ऐकलं ते सातव्या मजल्यावरच्या पोरानं,
आणि चपलांशिवाय धावत खाली आला.

सहाही बंद केली.
आपाला तळघरातच आणून बसवलं,
इमारतीत ऊब म्हणावी अशी ती एकच जागा.
तापलेल्या पत्र्यावर तिनं तळवे टेकवले,
भाकरीचा तवा पारखावा तसे,
आधी जरासे, मग पुरते.
"एवढा वेळ हे करत काय होतं?"
बावीस मिनिटं, गुणिले साठ, गुणिले सहा...
डोक्यात गुणाकार सुरू झालाच, सवय.
"चुकत होतं, आपा."
"इतकी वीज खाऊन?"
ती हसली नाही. मीही नाही.
बैमुरातनं तिची पिशवी उचलली
आणि लिफ्ट चालू झाली असूनही
जिन्यानं वर नेली.

अहवाल सकाळी द्यायचा होता.
तेहेतीस पूर्णांक आठ तसंच ठेवलं.
"उत्तम" खोडलं.
त्या जागी काय लिहावं सुचेना,
खोडरबराचा चुरा फुंकत बसलो.
मग मीटरकडे लक्ष गेलं.
पंखे थांबलेले, दिवे विझलेले,
पत्रेही आता गार,
आणि आकडा शून्य नाही:
प्रत्येकी चौदा वॅट.

ह्याला फॉर्मात रकानाच नाही.