उलट धुणं

शेनिनचा सात नंबरचा टँक, मे महिना,
बाहेर सावरगावच्या टेकड्या उन्हानं पांढऱ्या पडलेल्या,
आत बारा डिग्री.
दोन स्वेटर घालून मी फिल्टरपाशी उभी.

सकाळी ताशी नऊशे लिटर निघत होते.
जेवणानंतर सहाशे.
आता चारशे वीस,
आणि प्रेशरच्या काट्याची मान वर, आणखी वर.
उद्या आठला बाटल्यांची लाइन लागणार.

मी केलं ते सगळेच करतात:
पंपाचा वेग वाढवला.
अर्धा तास धार जाड झाली, मी शीळही घातली.
मग जी बसली ती बसलीच.

निर्भवणे काका आले.
सातपूरला एकोणीस वर्षं
प्लेटिंगच्या सांडपाण्यावर काढलेली,
बोटांचे ठसे आम्लानं पुसले गेलेले,
आधार केंद्रावरचं यंत्र त्यांना ओळखत नाही.
त्यांनी काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.
"दाबलंस?"
"हो."
"दाबल्यावर चिखलाचं काय होतं?"
मी गप्प.
"वीट."

आत हजारो पोकळ नळ्या, शेवयांसारख्या,
त्यांच्या भिंतींना छिद्रं,
एका केसाच्या जाडीत शेजारी शेजारी
साडेतीनशे बसतील अशी.
वाइन कडेकडेनं पळते, थोडी थोडी पाझरते,
आणि जे पाझरू शकत नाही,
मेलेलं यीस्ट, सालीतल्या पेक्टिनचा चिकट लळा,
ते भिंतीशी रेंगाळतं.
रेंगाळलेलं दुसऱ्याला धरून ठेवतं.
दुधावर साय धरावी तसं,
फक्त ही साय कुणी वाढून घेत नाही.

"गाळणीला शिव्या देऊ नको," काका म्हणाले.
"घाई आधीच्या टँकात झालेली असते.
आणखी तीन रात्री थंडीत ठेवली असती
तर गाळ आपल्या पायानं खाली गेला असता.
एन्झाइम किती घातलं?"
"निम्मं. साहेब म्हणाले, महाग आहे."
"मग आता कॉस्टिक स्वस्त पडेल."

रात्रभर उलट धुणं.
जिथून निवळ निघतं
तिथूनच पाणी आत ढकलायचं.
आधी थंड. मग कोमट. मग कॉस्टिक, पन्नास डिग्रीला.
आणि जे बाहेर आलं ते काळपट, जुन्या काढ्यासारखं.
एवढ्या फिक्या वाइनमधून हे?
"मागच्या हंगामाचंही असेल," काका म्हणाले,
"आपण विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही."
मग सायट्रिक, म्हणजे लिंबाचंच आंबट, पोत्यातलं.
मग पुन्हा पाणी, पाणी,
कागदाच्या पट्टीचा रंग सातावर येईपर्यंत.

पहाटे अडीचला काकांनी राजगिऱ्याचा लाडू फोडला,
मोठा अर्धा मला दिला.
"दर वीस मिनिटांनी तीन सेकंद उलटं ढकलत जा.
घट्ट व्हायच्या आत.
आमच्या घरी रोज थोडं भांडण होतं,
म्हणून दिवाळीला मोठं होत नाही."

मग साध्या पाण्यावर मोजून पाहिलं.
नवी होती तेव्हा हजार.
आता नऊशे वीस.
पुन्हा मोजलं. नऊशे वीस.
"काका, ऐंशी कुठे गेले?"
त्यांनी फिल्टरच्या स्टीलवर हात ठेवला,
बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.
"ते आता तिचे."

पावणेचारला पंप लावला. सहाशेवर.
नऊशेचा मोह झाला, पण सहाशेवर.
काटा हलला, थांबला,
आणि थांबूनच राहिला, तासभर, दोन तास.
काका खुर्चीत झोपले, तोंड उघडं.
काचेतून ती धार,
काहीच नसल्यासारखी स्वच्छ.

उजाडताना लॉगबुक भरलं.
तारीख, टँक, लिटर, दाब.
'कारण' या रकान्यात मी 'घाई' लिहिलं,
मग ते खोडलं
आणि लिहिलं, 'पेक्टिन'.