फॅदम

एल्ड्रेड पार्डी दोर मोजतो तेव्हा पट्टी घेत नाही.
दोन्ही मुठींत दोर धरून हात फाकवतो,
छातीशी मिटतो, पुन्हा फाकवतो.
वन फॅदम, म्हणतो. टू.
शेडमध्ये डिझेलचा आणि जुन्या खारवणाचा वास,
भिंतीवर ब्याण्णव सालचं कॅलेंडर,
जुलैनंतर न उलटलेलं.

त्या जुलैत न्यूफाउंडलंडच्या या खाडीत
सरकारी माणूस फाइल घेऊन आला.
कॉड संपला, म्हणाला. उद्यापासून बंद.
व्हर्ना सांगते, धक्क्यावर सगळे ओरडत होते,
हा एकटा टोपी हातात घेऊन उभा.
म्हणाला, आय कॅन्ट फॅदम इट.
आणि धक्का गप्प झाला,
चाळीस फॅदम खालचा मासा
दोरीवरच्या बोटानं ओळखणारा माणूस
हे बोलला म्हणून.

मी आठवड्यातून दोनदा येते, त्याचं ब्लडप्रेशर घ्यायला.
आमच्या भाषेत याला थांग म्हणतात, मी सांगते.
थांग लागत नाही.
'लागतो की,' म्हणून तो शिशाचं वजन माझ्या तळहातावर ठेवतो.
त्याच्या बुडाला खळगा. खळग्यात चरबी भरायची,
म्हणजे वर येताना तळ थोडा चिकटून येतो:
वाळू, शिंपल्यांचा चुरा,
कधी नुसता काळा चिखल.
'बाप चिखल चाखून सांगायचा, आपण कुठे आहोत.'
चाखायचा, व्हर्ना म्हणते,
पण घरात आल्यावर कुठे असायचा ते
त्याच्या बायकोला कधी कळलं नाही.

झटका येऊन गेल्यापासून
एल्ड्रेडचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही.
फॅदम आखूड झालाय.
हे त्याला माहीत नाही, किंवा आहे.
नांगराचा दोर दहा म्हणून कापतो, भरतो आठ.
रात्री व्हर्ना शेडमध्ये जाते,
पीळ उकलून, पेडात पेड घालून
दोन वाव दोर जोडते.
तिचे हात लहान, म्हणून तीन.

मी शब्दकोशात पाहिलं.
फॅदम म्हणजे मुळात कव.
पसरलेले हात, आधी कुणाला तरी घेण्यासाठी,
मोजणं नंतर आलं.
हे मी दोघांनाही सांगितलं नाही.
माणूस साडेतीन हातांचा, असं ऐकत मोठी झाले,
आणि वाव चार हातांची.
वरचा अर्धा हात कुठून येतो
हा हिशेब मला शाळेतही जमला नव्हता.

आज पट्टा सोडत होते, तर म्हणाला,
'तू पसर बघू.'
मी हात पसरले. एका मुठीत अजून रबरी नळी.
त्यानं या बोटापासून त्या बोटापर्यंत दोर लावला,
डोळा बारीक केला.
'पाच फुटांच्या आतच,' म्हणाला, 'उथळ पाण्यापुरती.'
व्हर्ना हसली, मीही.
तो दोर गुंडाळत राहिला, उजव्या हातानं, सावकाश.
'वाईट वाटून घेऊ नको,' म्हणाला,
'बहुतेक बोटी तिथेच फुटतात.'