शिंगरू

लिहा साहेब. आजोबाचं नाव: जुहैश.
हसलात ना? हसा.
काल दवाखान्यातल्या नर्साही हसल्या,
त्यांच्याआधी शाळेतला मास्तर,
त्याच्याआधी म्हशीसुद्धा हसल्या असतील.
जुहैश म्हणजे गाढवाचं शिंगरू.
खाडाखोड करू नका, बरोबर लिहिलंय तुम्ही.

माझ्याआधी तिघे होते.
थोरला खालिद. म्हणजे कधी न सरणारा.
नऊ दिवस.
मधला सालिम. म्हणजे सुखरूप.
त्याला ताप चढला त्या रात्री दाराशी होडी होती,
वल्हवायला घरात कुणी नव्हतं.
तिसऱ्याचं याह्या ठेवलं. जगतो, असा सरळ अर्थ,
जणू देवाला कागदावर लिहूनच दिलं.
चाळिसाव्या दिवशी बोरूच्या चटईत गुंडाळून
बापाने त्याला कोरड्या काठावर नेलं.
आमच्या पाणथळीत पुरायलाही जमीन शोधावी लागे.

मग मी.
सुईण हश्मिया, एका डोळ्याने अधू,
नाळ कापता कापता आईला म्हणाली,
चांगलं नाव म्हणजे चुलीचा धूर, बाई. लांबून दिसतं.
त्या रात्री कुणीतरी दाराशी येऊन विचारलं असेल,
आत कोण आहे?
आई म्हणाली असेल, कोण असणार? शिंगरू आहे.
आणि तो पुढच्या घरी गेला.
पुढच्या घराचं मी कधी विचारलं नाही.

फौजेत रोज पहाटे हजेरी.
गालिब! म्हणजे जिंकणारा.
मुंतसर! तोही विजयीच.
फारिस! घोडेस्वार. आयुष्यात घोडा पाहिला नव्हता त्याने.
जुहैश! की सगळी पलटण रेकून दाखवायची.
उन्हाळा लागेतो यादी एवढी आखूड झाली
की सार्जंटला वही लागेना.
माझं नाव घ्यायचा, मी हजर म्हणायचो,
कुणी रेकत नव्हतं.
तेव्हा मला स्वतःलाच रेकावंसं वाटलं होतं,
खोटं नाही सांगत.

नंतर बांध घातले, पाणी वळवलं,
आम्ही दहा वर्षं विटा भाजल्या,
परत आलो, बांध फोडले, म्हशी घेतल्या.
ते तुम्हाला माहीतच आहे, तुम्ही इथलेच दिसता.
नदीचं नाव फुरात. म्हणजे गोडं पाणी.
जिभेवर घेऊन बघा एकदा.
माझी काळी म्हैस तेच पिऊन आंधळी झाली.
एवढं सुंदर नाव उघड्यावर ठेवलं,
दृष्ट लागणार नाही तर काय!

हं, बापाचं नाव. मुहन्नद.
हिंदच्या पोलादाची तलवार.
तेव्हा त्याची आई ऐकेना.
तलवार सध्या नासिरियात बर्फाची गाडी चालवते,
म्हणून मी आलोय.

आणि आता पोराचं.
सुनेने, तुरफाने, मोबाइलवरून यादी उतरवली होती.
गैथ: नेमका वेळेवर येणारा पाऊस.
सिराज: दिवा. वीज नसते म्हणून बरं, मी म्हटलं.
हैदर, उसामा, अब्बास: तिघेही सिंह.
सिंहांना खायला काय घालणार, मी म्हटलं.
तिने एकाच नावाला गोल केला होता:
रय्यान. पाणी पिऊन तृप्त झालेला.
चार महिने आमच्या कालव्यात होडी
कुशीवर पडून आहे, साहेब,
आणि ही पोरगी म्हणते, तृप्त.
मी भांडणार होतो. मग तिची टाच दिसली,
भेगाळलेली, आपल्या तळ्यासारखी.
गप्प बसलो.

लिहा, रय्यान. शाई जरा फिकी असेल तर बरं.

आणखी एक आहे, ते लिहू नका,
त्याला तुमच्याकडे रकाना नाही.
सातव्या दिवशी जावळ काढलं, सगळे जेवायला बसले,
तेव्हा मी पाळण्याशी गेलो.
उजव्या कानात बापाने अजान दिलीच होती.
डाव्या कानात मी हळूच म्हटलं, ज़बाला.
म्हणजे केरकचरा.
पोरगं शिंकलं आणि झोपलं.

कुठे अंगठा करू? इथे?
लेखणी का थांबली, साहेब?
पाटीवर तर तुमचं नाव चांगलं भारदस्त दिसतंय.
घरी काय म्हणायचे तुम्हाला?