सुताची परीक्षा

बहुवारिकांचा धडा यंदा परीक्षेला नाही.
म्हणून तो मी फेब्रुवारीतल्या एका शनिवारी घेते,
पाचपावलीच्या आमच्या शाळेत,
अर्धा वर्ग शिकवणीला पळालेला असताना.
उरलेली एकोणीस पोरं
संत्र्याच्या साली एकमेकांच्या डोळ्यांत पिळतात.

म्हटलं, डोळ्यात नको, ह्या फुग्यावर पीळ.
फट्.
पीटीचे सर दारात डोकावून गेले.
सालीचं तेल रबरात शिरतं, रबर सैल पडतं,
सारख्यात सारखं विरघळतं, लिहून घ्या.
कुणी लिहून घेतलं नाही. सगळ्यांना फुगे हवे होते.

प्रथिनांसाठी अंडं आणायचं होतं.
संस्थेला अंडं चालत नाही,
म्हणून सोयाबीन वाटून गाळलं, कॉस्टिक सोडा घातला
आणि मोरचुदाचे दोन थेंब.
(बाटलीवर अजून धकाते सरांचं अक्षर,
ते गेले त्याला नऊ वर्षं झाली.)
परीक्षानळीत जांभळं उतरलं, हळूहळू,
ओल्या लुगड्याचा रंग निथळावा तसं.

मग काडेपेटी.
सूत जाळलं: कागदाचा वास, भुरकट राख.
कोसा पेटवायच्या आधीच चेतना निखारे म्हणाली
(आडनावाला हसू नका, वर्ग केव्हाच हसून मोकळा झालाय)
"केसं जळल्यावानी वास येते मॅडम.
दुकानदार शंभर टक्के कोसा म्हनते,
आत्या एक धागा ओढते अन् काडी लावते."
तिच्या आत्याने चाळीस वर्षं
हातमागावर बसून ही प्रयोगवही भरली,
एकाही पानावर कुणाची सही नाही.

फळ्यावर मी कोसा काढला. कार्बन, ऑक्सिजन,
नायट्रोजन, हायड्रोजन, आणि मधली ती गाठ.
खाली नायलॉन काढला. तीच गाठ.
एक अळीच्या तोंडातून आला, एक कारखान्यातून,
जोडणारी आडवी रेघ तेवढी सारखी.

तेव्हा मागच्या बाकावरून सुगत रामटेके:
"मंग कोसा मातीत सडते,
मांजा काऊन नाही सडत?"

वर्ग गप्प झाला.
खिडकीबाहेर विजेच्या तारेवर, कडुनिंबावर
संक्रांतीचा मांजा अजून लोंबत होता.
आणि सुगतच्या गळ्यावर, कॉलरच्या जरा वर,
अकरा टाक्यांची गुलाबी रेघ.
सायकलवर होता, कमाल चौकाच्या अलीकडे.

मी म्हटलं, कोसा कोट्यवधी वर्षांचा जुना,
तो कसा उसवायचा ते जंतूंना पाठ आहे.
नायलॉन कालचा. त्यांच्याही अभ्यासक्रमात
हा धडा अजून नीटसा आलेला नाही.
उत्तर पूर्ण नव्हतं. त्यालाही ते कळलं.

त्याने खिशातून मांजाचा तुकडा काढला.
का ठेवला होता, मी विचारलं नाही.
चिमट्यात धरून ज्योतीवर नेला:
धड पेटला नाही, आकसला, वितळला,
टेबलावर मधासारखा एक थेंब.
सुगतने काडीचं टोक त्यात बुडवून वर उचललं
आणि थेंबातून धागा निघाला,
वीतभर, हातभर, दिसेल न दिसेल असा.

"हा बी कापते का?"

चेतनाने पुढे होऊन तो बोटावर घेतला,
डोळ्याजवळ नेला, हलका ताण देऊन पाहिला.
तुटला.
"नाही कापत," ती म्हणाली. "कच्चा हाय अजून."

घंटा झाली. कुणी उठलं नाही.
थेंब गार होऊन टेबलाला चिकटला होता,
सोमवारी शिपाई तो ब्लेडने खरवडणार
आणि मला ऐकवणार.
सुगतने दुसरी काडी ओढली.