वासाची वही

दोन चाळीस. खिडकी बंद, तरी आला.
वहीत लिहिते: सडका कोबी.
खोडते. कोबी नाही, कोबीच्या मागे काहीतरी गोड,
नेलपॉलिशची बाटली उघडी राहिल्यासारखं,
त्याच्याही मागे जिभेच्या मुळाशी तांब्याच्या पैशाची चव.
वासाला स्वतःचं नाव नसतं.
दरवेळी दुसऱ्याच्या नावाने हाक मारायची,
अमक्यासारखा, तमक्यासारखा.

घणसोली, चौथा मजला.
पूर्वेला कारखाने, त्यांच्या मागे पारसिकचा डोंगर,
पश्चिमेला खाडी.
शाळेत पाठ केलं होतं:
दिवसा खारे वारे, रात्री मतलई. आकृती काढा, गुण पाच.
बाण मी अचूक काढले होते.
त्यांच्या टोकाशी कधी माझी उशी असेल
हे आकृतीत नव्हतं.

प्रदूषणवाला माणूस आला सकाळी अकराला.
सभ्य होता. चहा नको म्हणाला, पाणी प्यायला.
गच्चीवर यंत्र धरलं. वारा खाडीकडून.
यंत्र म्हणालं, काही नाही.
खोटं बोलत नव्हतं ते.
आमच्या दोघांच्या मध्ये सव्वाआठ तास होते,
त्यांची साक्ष कोण काढणार?

शेजारचे कुळये काका
तीस वर्षं रबाळ्याला, रंगांच्या रसायनांत.
सोसायटीच्या मिटिंगमध्ये म्हणाले, "वास? मला तर येत नाही."
दूध नासलंय का, हे ते काकूंना विचारतात.
पण शब्द त्यांचाच चालला.
त्या धंद्यातले ना, त्यांना जास्त कळतं.

आणि कळत होतंच.
लिफ्टमध्ये दोघंच असताना हळूच म्हणाले,
"गोडसर होता का? मग फटीला ओला पंचा लावा.
आंबट असला तर घाबरू नका."
नाक गेलेल्या माणसाकडे
वासाची बाराखडी शाबूत.

गावठाणात मांदेली घेताना
हिरूबाई मढवींना वही दाखवली.
पदराला हात पुसून त्यांनी ती उलटी धरली, परत दिली.
"आमच्या खारीचा वास गेला
तवा कोन आलता वयी घेऊन?"

गेलेला वास.
तो रकाना मी आखलाच नव्हता.

मग मार्चमध्ये पानं चाळताना ती नोंद सापडली:
सतरा फेब्रुवारी, दोन चाळीस, कोबी, गोड, तीव्र.
अक्षर माझंच.
सतरा फेब्रुवारीला मी वाईला होते, भावाकडे.
वही सोबत नेली होती, हेसुद्धा विसरले होते.
तिथे रात्री फार तर हळदीचा वास, गोठ्याचा.
कारखाना नव्हता, मतलई वारा नव्हता.
फक्त दोन चाळीस वाजले होते.

पान फाडावं?
फाडलं तर उरलेली वही खरी होईल
की नुसती नीटस?
दोन रात्री काहीच लिहिलं नाही.
तिसऱ्या रात्री त्या नोंदीपुढे लाल शाईने लिहिलं, "वाई",
आणि पानाच्या अगदी उजवीकडे, जागा उरली तेवढा,
एक अरुंद रकाना आखला. खात्री.
त्यात आकडे घालत नाही.
कधी "बरीच". कधी "अर्धवट झोपेत".
एकदा "पंचा लावला, तरीही".

काल जाग आली. वेळ तीच.
मुद्दाम खिडकी उघडली, खोल श्वास घेतला.
काही नाही.
वारा पडलाय, की कारखाना बंद,
की माझंही नाक आता कुळये काकांच्या वाटेला लागलंय?
वेळ लिहिली. वासाच्या रकान्यात आडवी रेघ.

तेवढ्यात भिंतीपलीकडे काकू खोकल्या.
रेघ खोडली नाही.
खाली लिहिलं:
काकू खोकल्या. दोनदा.