मुकुट चोवीस, त्यांतले फुटके नऊ

रात्री जेवणं आटोपल्यावर आम्ही यादी करायला बसलो.
त्याने सांगायचं, मी लिहायचं,
कोर्टात जाणारं अक्षर जरा वाचता यावं म्हणून.
मुकुट चोवीस, त्यांतले फुटके नऊ.
गदा पाच, एकीत उंदरांचा संसार.
दरबाराचा पडदा एक, जंगलाचा एक.
रस्त्याचा?
तो म्हार्दोळच्या जत्रेहून परत आलाच नाही.
लिही, येणे बाकी.

फोंड्यात बातमी पोदेराच्या सायकलीआधी पोचते.
सलूनवाला शाबलो म्हणाला, आधी बेड्या, मग पेपरात फोटो.
सासूबाईंनी मंगळसूत्र पिठाच्या डब्यात पुरलं.
त्यांचं नव्हे, माझं.
मडगावचा चुलतदीर पेढे घेऊनच आला:
सुटलास रे रोहिदासा! एक अर्ज, की सगळं माफ.
त्याने भर दुपारी अंगणात स्पॉटलाइट लावून पाहिले,
कोणते चालतात ते लिहायचं होतं,
तर शेजारच्या घाणेकरकाकांनी खिडकीच लावून घेतली.
त्यांच्या लहानपणी म्हणे बुडालेला सावकार
असाच दिवसाढवळ्या दिवा लावून पेढीच्या दारात झोपायचा.
आणि मी, जिला गणितात सत्तर होते,
मी पहाटेपर्यंत एवढंच मोजत होते
की मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर
हे कुठल्या रकान्यात लिहितील.

कुलासो बाईंचं ऑफिस तिस्कला, बेकरीच्या वर.
जिन्यात गरम पावाचा वास. मला उगीच भूक लागली
आणि भूक लागल्याची लाज वाटली.
बाई म्हणाल्या,
दाखल्यावर? काही लिहीत नाहीत.
बेड्यांचं म्हणाल तर, नाही म्हणून जो सांगतो त्याला नाहीत.
जो लपवतो त्याचं मी सांगू शकत नाही.
मंगळसूत्र पिठातून काढा, चपात्या बिघडतील.
भांडी, अंथरूण, तुमचं शिलाई मशीन, राहील.
पण माफी ती नव्हे.
आधी सगळं विचारतील. वर्ष जाईल, दोन जातील.
मग साहेबांना पटलं, तर सुटका.

तेवढ्यात त्यांनी पान उलटलं.
टेम्पो दिसत नाही.

तो नखाने टेबलाचा रंग खरवडत राहिला.
मेव्हण्याच्या नावावर केला.
कधी? एप्रिलात.
किती घेतले?
खाली कुणीतरी भट्टीचं दार आपटलं.
मेव्हणा, म्हणजे माझा भाऊ.
एप्रिलात, म्हणजे मी त्याच्याकडे आंब्यांना गेले होते तेव्हा.
बाईंनी चष्मा काढला. परत आणा.
अशी दानं कोर्ट उलटवतं,
आणि तुमचा शब्दही त्याच्याबरोबर उलटतो.

त्या रात्री दुसरी यादी. देणेकऱ्यांची.
ही त्याने स्वतः लिहिली, मागे वळून न बघता.
सोसायटी. बँक. लाइटवाला पिंगळे.
पुरुष पात्रांच्या दाढ्या करणारा म्हाळशेकर.
सतराव्या ओळीवर माझं नाव,
लग्नाआधीच्या आडनावासकट.
ब्लाउज शिवलेले पैसे, आठ हजार, दोन हजार एकोणीस.
मला वाटलं होतं तो विसरला.
मीही विसरल्यासारखी वागत होते, पाच वर्षं.

बाईंनी ती ओळ लाल शाईने खोडली.
आपल्या गोव्याच्या कायद्यात, त्या म्हणाल्या,
नवराबायकोचं सगळं अर्धं अर्धं.
स्वतःच्याच घराची देणेकरीण कशी होणार तुम्ही?
मी मान डोलावली. अर्धं म्हणजे हेही अर्धं,
हे कुणी लग्नात सांगितलं नव्हतं.
पण लाल रेषेखालून ते आडनाव वाचता येत होतं.

त्याने एकच प्रश्न विचारला, उठताना.
मुकुट हे अवजार धरतात का?
सुताराची करवत धरतात तसं?
बाई हसल्या नाहीत.
विचारून बघू, म्हणाल्या.

काल मध्यरात्री उठले तर पडवीत उजेड.
मांडीवर राजाचा मुकुट, हातात फेविकॉल,
ओठात चमकीची पट्टी.
मी फाईल आणली.
खोटी यादी चालत नाही.
नऊ खोडलं, आठ केलं,
आणि खाडाखोडीपाशी दोघांनी सही केली.