एक जून

आमच्या मिलमध्ये दोनशे बारा माणसं,
त्यातली एकशे सात एक जूनला जन्मली.
पुण्याच्या हेड ऑफिसातून पोरीचा फोन आला,
"मॅडम, सॉफ्टवेअर एरर दाखवतंय, डेटा तपासा."
म्हटलं, एरर नाही गं,
मास्तर होते.

डोक्यावरून हात नेऊन उलटा कान धरायला लावायचे,
बोटं पोचली की पोर सहा वर्षांचं.
शाळा जूनमध्ये उघडते
म्हणून जन्मही जूनमध्ये.

जालन्याच्या एमआयडीसीत, भट्टीच्या मागच्या अंगाला माझी खोली.
रोलिंग सुरू झालं की टेबलावरचं पाणी थरथरतं.
मस्टर, पीएफ, कुणाची उचल,
कुणाच्या बायकोचं नाव ईएसआयच्या कार्डावर चुकलेलं,
सेफ्टी बूट आले ते सगळे आठ नंबरचे.
दारावर पाटी आहे, मानव संसाधन.
कामगार ती वाचतात आणि मला म्हणतात
पगारवाल्या बाई.

मार्चमध्ये दस्तगीर पठाणची फाईल वर आली.
एकतीस वर्षं लाल सळई चिमट्यात धरली त्यानं.
एकतीस मे, अठ्ठावन्न पूर्ण, निवृत्त.
तो समोर बसला, टोपी गुडघ्यावर.
"बाई, बहात्तरच्या दुष्काळात अम्मा खडी फोडायली,
अन् मी बाजूला टोपल्यात पडून.
दूध पितं लेकरू होतो म्हणायची.
पाच वर्षांचं पोर दूध पितंय व्हय?"
मग सदुसष्ट कसं लागलं?
"भाऊ उशिरानं शाळंत घातला, यासीन.
मी त्याच्या मागं मागं गेलो, बस."

एका रविवारी परतूरची बस धरली, तिथून टमटम.
हेडमास्तरांनी रजिस्टर काढलं, कडा वाळवीनं खाल्लेल्या.
यासीन, एक सहा सदुसष्ट.
खाली दस्तगीर,
आणि तारखेच्या जागी दोन टिंबं,
वरीलप्रमाणे.
त्या दोन टिंबांत त्याची चार वर्षं होती.

मोबाईलवर फोटो काढला, अर्ज लिहिला, दोनदा लिहिला.
हेड ऑफिसचं उत्तर दीड ओळीचं,
नोंद एकदा झाली की बदलता येत नाही.
मलाही माहीत होतं ते.
इतरांना मीच सांगते.

कंत्राटदाराकडं घालू का, विचारलं.
"चिमटा तोच, भट्टी तीच, पगार अर्धा?
राहू द्या बाई."
मग ग्रॅच्युइटीचा हिशोब तीनदा केला,
पेन्शनच्या फॉर्मसाठी नवरा-बायकोचा फोटो काढून आणायला लावला.
फोटोत शाहेदाबी कॅमेऱ्याकडं बघतात,
तो त्यांच्याकडं.

निरोपाला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ.
घड्याळच का देतात, कुणाला विचारावं.

दुसऱ्या दिवशी एक जून.
सकाळी सहाला सॉफ्टवेअर आपोआप शुभेच्छा पाठवतं.
त्याचा नंबर आदल्या रात्री काढायचा होता,
यादी उघडली, बंद केली.

दुपारी फोन.
"बाई, कंपनीचा मेसेज आलाय. कामावर बोलवायलेत काय?"
नाही हो. वाढदिवस आहे तुमचा.
पलीकडं कुकरची शिट्टी, मग हसू.
"कितवा?"
तुम्हीच सांगा.

बोटांवर मोजत असावा, वेळ लागला.
"चौपन्न."

मी लिहून घेतलं.
कुठल्या रकान्यात, ते अजून ठरलं नाही.